एमक्यू अडकलं की लगेच रीस्टार्ट मारताय? या चुका टाळा

आयबीएम एमक्यू, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन्समधले मेसेज रांगेत (क्यूमधे) ठेवून पोचवणारं सॉफ्टवेअर, 1993 पासून आहे, जुनी मंडळी अजून एमक्यू सिरीजच म्हणतात. ऑर्डर पुढे सरकेना की पहिला फोन मिडलवेअरवाल्याला (हे मधलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला) येतो, आणि बघायला जावं तर एमक्यू बिचारं ठणठणीत, पलीकडचं अ‍ॅप्लिकेशन झोपलेलं.

2053 एरर म्हणजे क्यू भरली. डिफॉल्ट मॅक्सडेप्थ (क्यूमधे मावणारे जास्तीत जास्त मेसेज) 5000 असते, ती 50000 करून लोक झोपायला जातात. अरे पण वाचतंय कोण ते तरी बघा! क्यू स्टेटसमधे आयपीप्रॉक्स (वाचायला क्यू उघडलेल्यांचा आकडा) 0 दिसला तर वाचणारं कोणीच जोडलेलं नाही, मग क्यू कितीही वाढवा.

आकडा 0 नसेल आणि तरी डेप्थ (साचलेल्या मेसेजची संख्या) हलत नसेल तर माझ्यासारखी फजिती व्हायची. रात्री 2 वाजता बिलिंगची क्यू तुंबली, मी दोनदा रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. एका ग्राहकाच्या नावात अँपरसँड होता, त्यामुळे एक्सएमएल पार्स होईना, कन्झ्युमर (वाचणारं अ‍ॅप्लिकेशन) मेसेज उचलायचा, आपटायचा, रोलबॅक, की तोच मेसेज पुन्हा रांगेत पहिला, असं सकाळपर्यंत. मेसेज पर्सिस्टंट, म्हणजे रीस्टार्टनंतरही तिथेच! बीओथ्रेश (किती रोलबॅकनंतर मेसेज बाजूला काढायचा तो आकडा) डिफॉल्टला 0 असतं म्हणजे मेसेज कधीच बाजूला काढू नका. ते 3-5 ठेवा आणि असे मेसेज टाकायच्या बॅकआउट क्यूचं नावही द्या. आणि हे काम क्यू मॅनेजर (क्यू सांभाळणारा एमक्यूचा सर्व्हर) करत नाही हां, जेएमएस (जावाची मेसेजिंग पद्धत) क्लायंट करतो, सी मधे स्वतः कोड लिहिला असेल तर बॅकआउट काउंट (मेसेज किती वेळा परत आला तो आकडा) तुम्हालाच तपासावा लागतो.

2035 (परवानगी नाही) आला की चॅनल ऑथेंटिकेशनच (चॅनल म्हणजे जोडणीच्या मार्गावरून कोणाला येऊ द्यायचं ते नियम) बंद करून टाकायचं, ही तर फारच वाईट खोड. क्लायंटला मुद्दाम फक्त 2035 एवढंच कळतं, खरं कारण क्यू मॅनेजरच्या एरर लॉगमधे असतं. टेस्टिंगला अ‍ॅडमिन युजर वापरलात तर डिफॉल्ट नियमच तुम्हाला अडवतो, साधा युजर घ्या.

डेड लेटर क्यू (न पोचवता आलेले मेसेज टाकायची जागा) नव्या क्यू मॅनेजरवर आपोआप लागत नाही, त्याच्या डेडक्यू सेटिंगमधे नाव तुम्हीच भरायचं. नाही भरलं तर पलीकडे न पोचणाऱ्या एका पर्सिस्टंट मेसेजपायी अख्खं चॅनल थांबतं. लावली असेल तर अधूनमधून उघडून बघा, प्रत्येक मेसेजच्या हेडरमधे तो तिथे का आला त्याचा रीझन कोड असतो.