मूलपेशी आणि आतड्याची शस्त्रक्रिया : शोधनिबंध कसा वाचावा

मूलपेशी (स्टेम सेल) वापरल्याने आतड्याच्या शस्त्रक्रियेचे परिणाम सुधारतात, असे सांगणारा शोधनिबंध हाती आला की बहुतेक जण आधी सारांश वाचतात आणि मग निष्कर्षाकडे वळतात. माझी सवय उलटी आहे. मी थेट कार्यपद्धतीचा भाग उघडतो आणि ज्या रुग्णांना पेशी दिल्या नाहीत त्यांच्यावर नेमके काय केले गेले, हे सांगणारा परिच्छेद शोधतो. तो नीट समजला की उरलेला निबंध किती गांभीर्याने घ्यायचा याचा बराचसा अंदाज येतो. याचे कारण या विषयाच्या स्वरूपातच आहे. गोळी एकटी पोटात जाते, पण शस्त्रक्रियेतल्या पेशी एकट्या जात नाहीत. त्या पोहोचण्याआधी कोणीतरी जखम उघडलेली, खरवडलेली, धुतलेली आणि शिवलेली असते. पुढे ती जखम भरली, तर श्रेय त्या हाताचे की सुईतून सोडलेल्या पेशींचे, हे फक्त तुलनेचा गटच सांगू शकतो.

हे प्रत्यक्ष कसे करायचे ते एका उदाहरणावरून पाहू. क्रोन्स आजारात, म्हणजे पचनमार्गाच्या दीर्घकालीन दाहात, गुदद्वाराभोवती होणारे गुंतागुंतीचे भगंदर, म्हणजे आतड्याच्या आतील बाजूपासून बाहेरच्या त्वचेपर्यंत गेलेली आणि सतत पू वाहणारी नळी, हे या क्षेत्रातले सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले दुखणे आहे. २०१६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ युरोपीय देश आणि इस्रायलमधल्या ४९ रुग्णालयांतील २१२ रुग्ण होते. दात्याच्या चरबीतून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या १२ कोटी पेशी एका गटातल्या रुग्णांना प्रत्येकी एकदाच टोचण्यात आल्या. हा मजकूर वाचताना कागदाच्या कडेला पेन्सिलीने क्रम लिहून काढावा : किमान दोन आठवडे आधी भूल देऊन तपासणी, नळी खरवडून साफ करणे, निचरा होत राहावा म्हणून तिच्यात सेटॉनचा धागा ओवणे, प्रत्यक्ष दिवशी धागा काढणे, आतले तोंड टाके घालून बंद करणे, आणि त्यानंतर अर्ध्या पेशी आतल्या तोंडाभोवती व उरलेल्या अर्ध्या नळीच्या भिंतीत थोड्या थोड्या टोचणे. आता दुसऱ्या गटासमोर हाच क्रम पुन्हा लिहा. शेवटच्या पायरीपर्यंत एकही फरक आढळणार नाही. फक्त सुईत पेशींऐवजी मिठाचे पाणी आहे.

म्हणजे इथला तथाकथित प्लासिबो (तुलनेसाठी दिलेला, औषध नसलेला उपचार) हा रिकामा प्लासिबो नाही, ती काळजीपूर्वक केलेली पूर्ण शस्त्रक्रिया आहे. ही चाचणीच्या आखणीतली चूक नसून तिचे बळ आहे. २४ आठवड्यांनी पेशी मिळालेल्या १०७ पैकी ५३ जण, म्हणजे ५० टक्के, ठरवलेल्या व्याख्येनुसार बरे होते. दुसऱ्या गटात १०५ पैकी ३६, म्हणजे ३४ टक्के. वाचकाची नजर ५० या आकड्यावर खिळते, पण जपून ठेवण्यासारखा आकडा ३४ हा आहे, कारण निव्वळ शिस्तीत केलेल्या शस्त्रक्रियेने काय साधते हे तो सांगतो. पेशींच्या वाट्याला येतो तो या दोहोंतला सुमारे १५ टक्क्यांचा फरक.

आता त्या फरकाची सांख्यिकी मर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या दोन टोकांच्या दरम्यान असण्याची शक्यता आहे ती, शोधायची. या निबंधात ती ०.२ पासून ३०.३ टक्क्यांपर्यंत आहे. खालचे टोक शून्याला जवळजवळ चिकटलेले आहे, म्हणजेच खरा परिणाम मोठा असू शकतो आणि जवळपास नगण्यही असू शकतो, असे हीच चाचणी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे. ‘फरक लक्षणीय आहे’ या वाक्याखाली हा तपशील सहज झाकला जातो, म्हणून मर्यादेची दोन्ही टोके वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या पुराव्यावर २०१८ मध्ये युरोपीय संघात ‘अलोफिसेल’ या नावाने हे औषध मंजूर झाले. त्यानंतर आणखी मोठी, ५६८ रुग्णांची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये तिचा निकाल आला : पेशींच्या गटात ४८.८ टक्के, दुसऱ्या गटात ४६.३ टक्के. डिसेंबर २०२४ मध्ये औषध युरोपीय बाजारातून मागे घेतले गेले. हे चार आकडे एकमेकांखाली मांडून पाहण्यासारखे आहेत. पेशींच्या गटाचा आकडा जवळपास जागच्या जागी राहिला, ५० चा ४९ झाला एवढेच. हलला तो तुलनेचा गट, ३४ वरून ४६ वर. पेशी मिळालेल्यांतले बरे होण्याचे प्रमाण दोन्ही वेळा जवळपास तेवढेच दिसले आणि तरीही निकाल फिरला. ज्या वाचकाने २०१६ सालीच ३४ खाली रेघ मारून ठेवली असेल, त्याला २०२३ चा निकाल अनपेक्षित वाटला तरी अनाकलनीय वाटणार नाही.

पुढची पायरी म्हणजे ‘बरे होणे’ या शब्दांची व्याख्या तपासणे. वर सांगितलेल्या चाचणीत ती दोन भागांची होती : सुरुवातीला वाहत असलेली आणि उपचार केलेली बाहेरची सर्व तोंडे बंद असली पाहिजेत, तीही तपासणाऱ्याने बोटाने हलकेच दाबल्यावर पू न येता, आणि एमआरआयमध्ये उपचार केलेल्या नळीत २ सेंटिमीटरहून मोठा साठा दिसता कामा नये. बोटाचा तो हलका दाब क्षुल्लक वाटतो, पण त्यावर बरेच काही अवलंबून आहे. वरची त्वचा मिटलेली आणि खाली पू साठलेला, ही अवस्था भगंदरात नेहमीची आहे, आणि नुसते पाहून केलेली नोंद तिला ‘बरे झाले’ म्हणून मोकळी होते. ज्या निबंधात एमआरआय नाही आणि दाबून पाहिल्याचा उल्लेखही नाही, त्यातला बरे होण्याचा टक्का मी मनातल्या मनात उतरवून वाचतो.

व्याख्या फार कडक असली तरीही वाचकाची दिशाभूल होऊ शकते. क्रोन्स आजारात रुग्णाच्या स्वतःच्या रक्तनिर्मितीच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण करून पाहणाऱ्या युरोपीय चाचणीचा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात ४५ रुग्ण होते. तीन महिने औषधाविना आजार शांत राहिला पाहिजे आणि एंडोस्कोपी व प्रतिमांमध्ये पचनमार्गात कुठेही आजाराची खूण दिसता कामा नये, अशी तिथली अट होती. प्रत्यारोपण झालेल्या २३ पैकी २ आणि न झालेल्या २२ पैकी १ रुग्णच ती पूर्ण करू शकला. तेवढ्यावर ‘काहीच फरक नाही’ असे लिहून टाकणे घाईचे ठरेल, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तीन महिने थांबवता आलेले रुग्ण पहिल्या गटात १४ आणि दुसऱ्यात ५ होते. मात्र गंभीर दुष्परिणामांच्या ७६ नोंदी एकीकडे आणि ३८ दुसरीकडे होत्या आणि प्रत्यारोपणाच्या गटातल्या एका रुग्णाचा मृत्यू झाला, हेही त्याच पानावर वाचावे लागते. तुलनेच्या गटाचा आपला नियम इथेही लावून पाहावा : दोन्ही गटांना रक्तात पेशी उतरवण्यासाठी आधी सायक्लोफॉस्फमाइड दिले होते, आणि हे औषध स्वतःच प्रतिकारशक्ती दाबते. म्हणजे इथलाही तुलनेचा गट पूर्णपणे उपचारांविना नव्हता.

कोणाला काय मिळाले हे कोणाला ठाऊक होते, हा प्रश्न शस्त्रक्रियेत औषधांपेक्षा अवघड असतो. पेशींचे द्रावण गढूळ दिसते आणि मिठाचे पाणी नितळ, त्यामुळे टोचणाऱ्या सर्जनपासून गुपित राखता येत नाही. अशा वेळी टोचणारा वेगळा आणि पुढे तपासणारा वेगळा असावा, आणि एमआरआय वाचणाऱ्याला रुग्णाचा गट माहीत नसावा, एवढी अपेक्षा ठेवता येते. टोचणाऱ्यानेच तपासले असेल तर निबंध बाजूला ठेवण्याची गरज नाही, पण त्यातला ‘दाबून पाहिले, पू नव्हता’ हा शेरा साशंक नजरेने वाचावा.

यानंतर पेशींकडे वळावे. अनेक जण सुरुवात इथून करतात आणि इथेच अडकून पडतात. ‘मूलपेशी’ हा एकच शब्द तीन फार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. आतड्याच्या अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी राहून सारे अस्तर काही दिवसांत नवे करणाऱ्या पेशी खऱ्या अर्थाने आतड्याच्या मूलपेशी आहेत. एलजीआर-५ या खुणेवरून त्या ओळखता येतात हे २००७ मध्ये दाखवले गेले आणि अशा एका पेशीपासून बशीत आतड्याची चिमुकली प्रतिकृती, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवता येते हे २००९ मध्ये. अस्थिमज्जेतल्या रक्तनिर्मितीच्या मूलपेशी ही दुसरी गोष्ट. भगंदरात टोचतात त्या तिसऱ्या, मेसेनकायमल. चरबीतून किंवा मज्जेतून काढलेल्या. या तिसऱ्या प्रकारच्या पेशी टोचल्यावर आतड्याचे नवे अस्तर तयार करत नाहीत. त्या दाह शमवणारे संकेत सोडतात आणि बहुतांशी थोड्याच काळात नाहीशा होतात. १९९१ मध्ये त्यांना ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव देणाऱ्या अर्नोल्ड कॅपलन यांनीच पुढे २०१७ मध्ये ते बदलावे, त्यातला ‘स्टेम’ हा शब्द काढून टाकावा, असे आग्रहाने लिहिले. म्हणून चरबीतल्या पेशींनी ‘नवे आतडे तयार होते’ असे प्रस्तावनेत लिहिणारा लेखक पुढे कुठे घसरेल याकडे लक्ष ठेवावे.

पेशींची ओळख पटवण्याचे किमान निकष २००६ मध्ये ठरलेले आहेत : त्या प्लास्टिकला चिकटून वाढल्या पाहिजेत, त्यांच्यावर सीडी ७३, सीडी ९० आणि सीडी १०५ या खुणा असल्या पाहिजेत, रक्तपेशींच्या खुणा नसल्या पाहिजेत, आणि प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, कूर्चा व चरबी घडवता आली पाहिजे. निबंधात हे आहे का ते पाहावे. मग किती पेशी दिल्या, त्यातल्या देतेवेळी जिवंत किती होत्या आणि तयार झाल्यापासून किती वेळाने दिल्या, ते शोधावे. जिवंत पेशींची मुदत तासांत मोजतात. अलोफिसेलची ७२ तास होती. लिपोसक्शनने काढलेली चरबी तिथल्या तिथे धुऊन टोचण्याला ‘मूलपेशी उपचार’ म्हटलेले दिसते, पण तो वेगळाच पदार्थ आहे आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू पडत नाही.

आतड्याच्या दोन टोकांची जोडणी गळू नये म्हणून मूलपेशी वापरणारे निबंध बहुतांशी उंदरांवरचे आहेत आणि ते वाचण्याची रीत थोडी वेगळी आहे. तिथे मोजमाप बहुधा फुटण्याच्या दाबाचे असते : जोडणीचा तुकडा काढून एक टोक बांधतात, दुसऱ्या टोकातून हवा किंवा पाणी सोडत जातात आणि टाक्यांमधून पहिला बुडबुडा फुटतो त्या क्षणी दाब नोंदवतात. सोबत कोलॅजेनचा, म्हणजे जोडणीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचा, अंदाज म्हणून त्यातला हायड्रॉक्सिप्रोलिन हा घटक मोजलेला असतो. हे मोजमाप कोणत्या दिवशी केले ते आधी पाहावे. जोडणी पहिल्या काही दिवसांत सर्वांत कमजोर असते, कारण जुने कोलॅजेन विरघळत असते आणि नवे अजून पुरेसे तयार झालेले नसते; दोन आठवड्यांनी मोजले तर पेशी दिल्या काय आणि न दिल्या काय, बहुतेक जोडण्या भक्कमच निघणार. दुसरे असे की धडधाकट तरुण उंदराची जोडणी सहसा गळतच नाही. म्हणून संशोधक टाके मुद्दाम अपुरे ठेवतात किंवा त्या भागाचा रक्तपुरवठा तोडतात. तसे केले नसेल तर सोडवायला अडचणच नव्हती. आणि केले असेल, तर माणसाची जोडणी ज्या कारणांनी गळते त्यांच्याशी ती कृत्रिम अडचण कितपत जुळते, हे स्वतः ठरवावे. वाढलेला दाब म्हणजे कमी झालेली गळती नव्हे, एवढे भान ठेवून असे निबंध जरूर वाचावेत.

एका-दोन रुग्णांच्या हकिकती भराभर वाचल्या तरी चालतात. भगंदरावर चरबीतल्या पेशी वापरण्याची सुरुवातही अशीच, २००३ मध्ये स्पेनमधून आलेल्या एका रुग्णेच्या वृत्तांताने झाली. अशा नोंदी वाट दाखवतात, पण त्यांना तुलनेचा गट नसल्याने त्यांतून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही.

शेवटी चाचणीचा नोंदणी क्रमांक घेऊन नोंदवहीत तिची जुनी नोंद उघडावी. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी २००५ पासून आगाऊ नोंदणीची अट घातली आहे, त्यामुळे मुख्य निकष कोणता आणि तो कितव्या आठवड्यात तपासणार, हे चाचणी सुरू होण्याआधीच तिथे लिहिलेले असते. नोंदीत २४ आठवडे आणि निबंधात ५२ आठवडे दिसले, किंवा नोंदीतला एमआरआय निबंधातून गायब झाला, तर कार्यपद्धतीच्या भागाकडे परत जाऊन तुलनेच्या गटाचा तो पहिला परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.