नडगीच्या भेगेनंतर पुन्हा मॅरेथॉनकडे: हाडाच्या कलाने धावण्याची पद्धत

मे महिन्याच्या अखेरीस नडगीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार पडणाऱ्या ताणामुळे आलेली बारीक भेग, सापडली आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन डोळ्यांसमोर असेल, तर हाताशी साधारण ३३ आठवडे उरतात. हा आकडा ऐकायला ऐसपैस वाटतो. प्रत्यक्षात त्यातले सहा ते आठ आठवडे न धावण्यात जातात, पुढचे आठ चालत-धावत काढावे लागतात आणि मॅरेथॉनचा खरा सराव म्हणावा असे सोळा-सतराच हाती राहतात. म्हणून पहिले काम म्हणजे सप्टेंबरमधील साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यंदाच्या वहीतून खोडून टाकणे. यवतेश्वरच्या घाटातला चढ एक वेळ निभावेल, परंतु परतीच्या उतारावर नडगीवर बसणारे दणके नुकत्याच जुळलेल्या हाडाला मानवणारे नसतात.

पुढे दिलेली पद्धत नडगीच्या आतल्या, मागच्या कडेला पडलेल्या नेहमीच्या भेगेसाठी आहे. भेग नडगीच्या पुढच्या कडेला, मांडीच्या हाडाच्या मानेत किंवा पावलाच्या कमानीतल्या हाडात असेल, तर ती हट्टी आणि धोक्याची समजली जाते. तिथे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतील तेच वेळापत्रक, आणि हा लेख बाजूला ठेवावा. निदानाबाबत एक गोष्ट लक्षात असू द्यावी: सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा अगदी स्वच्छ येतो आणि भेग किंवा तिच्या आधीची सूज एमआरआयमध्येच दिसते. माझा पहिला एक्स-रे पाहून ‘पोटरी आखडली आहे’ असे मला सांगण्यात आले आणि ते मला हवे तेच उत्तर असल्याने मी दुसरे मत घेतले नाही. त्या तीन आठवड्यांची किंमत मला नंतर मोजावी लागली.

हाड स्वतःची दुरुस्ती कशी करते, हे कळले की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात. ताणाने दुखावलेला भाग शरीर आधी खरवडून काढते, ज्याला साधारण तीन-चार आठवडे लागतात, आणि त्या जागी नवे हाड भरून घट्ट व्हायला पुढे काही महिने जातात. म्हणजे ठणका थांबतो, जिना चढताना काही जाणवत नाही आणि ‘आता बरे आहे’ असे वाटू लागते, त्या दिवसांत ती जागा अजून पोकळच असते. दुसरीकडे दम फार लवकर परततो. छाती आणि पाय जे करायला तयार असतात, ते हाडाला झेपत नाही, आणि ही तफावत अनुभवी, वेगवान धावपटूमध्ये नवख्यापेक्षा जास्त असते. पाचव्या आठवड्यात, तलावात छान दम टिकू लागल्याच्या आनंदात, मी रविवारी ग्रुपबरोबर विद्यापीठाच्या आवारात आठ किलोमीटर धावलो. धावताना काहीही दुखले नाही. सोमवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तेव्हा दुखले, आणि सगळी मोजणी पहिल्यापासून सुरू झाली.

न धावण्याच्या आठवड्यांत दम राखण्यासाठी पोहण्याच्या तलावाच्या खोल बाजूला, कमरेला फोमचा पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता धावण्याची हालचाल करणे हा उत्तम पर्याय आहे, कारण सांधे आणि स्नायू धावण्याच्या जवळ जाणारे काम करतात आणि हाडाला दणका बसत नाही. पाण्यात नाडी जमिनीवरच्यापेक्षा दहाएक ठोक्यांनी कमी दिसते, त्यामुळे घड्याळाऐवजी श्वासावरून जोर ठरवावा. तीन मिनिटे जोरात आणि एक मिनिट सैल, अशा आठ फेऱ्या केल्या तर इंटरव्हलचा दिवस भरून निघतो. हा प्रकार कंटाळवाणा आहे, हे मान्य. जागेवरची व्यायामाची सायकल मानवत असेल तर आलटून-पालटून ती घ्यावी. मात्र पायडल मारताना नडगी दुखत असेल, तर तीही बंद.

धावायला परवानगी मिळाली तरी तीन गोष्टी जुळल्याशिवाय बूट बांधू नयेत. सलग आठवडाभर रोज पाऊण तास भरभर चालून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही दुखता कामा नये. भेगेच्या जागी अंगठ्याने दाबल्यावर कळ येता कामा नये. आणि दुखऱ्या पायावर दहा उड्या विनातक्रार मारता आल्या पाहिजेत. अंगठ्याची तपासणी मी रोज उठल्या उठल्या, पाय जमिनीला लावण्याआधी करतो. घोट्याच्या आतल्या हाडापासून चार-चार बोटे दोनदा मोजून वर जायचे, हाडाच्या कडेवर अंगठा ठेवून नख पांढरे होईपर्यंत दाबायचे, मग दुसऱ्या पायावर त्याच उंचीला तेच करायचे आणि दोन्हींत फरक वाटतो का, ते वहीत ‘नाही’, ‘किंचित’ किंवा ‘आहे’ यांपैकी एका शब्दात लिहायचे. ‘किंचित’ लिहिले त्या दिवशी धावणे नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे हा एकमेव पहारेकरी झोपवून घराबाहेर पडणे होय.

पहिल्या टप्प्यात दिवसाआड धावावे. पाच मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे, अशा सहा फेऱ्या कराव्यात. दोनदा हे निर्विघ्न पार पडले की दोन मिनिटे धावणे आणि तीन मिनिटे चालणे, मग तीन-दोन, मग चार-एक, आणि त्यानंतर सलग २०, ३० आणि ४० मिनिटे. प्रत्येक पायरी किमान दोनदा करावी आणि दुखल्यास दोन-तीन दिवस थांबून एक पायरी मागे यावे. गती मॅरेथॉनच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे दीड मिनिटाने सावकाश असली तरी चालेल. ज्याने तीन तास दहा मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आहे, त्याला शेजारून चालायला आलेले काका ओलांडून जातात, हे सहन करणे या टप्प्यातला सर्वांत अवघड व्यायाम असतो.

कुठे धावायचे, हा प्रश्न पुण्यात पावसाळ्यामुळे वेगळा होतो. एरवी वेताळ टेकडीवरची मुरमाची वाट डांबरापेक्षा पायाला मऊ लागते, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे चिखल आणि शेवाळ असते, आणि पाय घसरताना नडगीला बसणारा पीळ साध्या दणक्यापेक्षा वाईट. त्या दिवसांत सणस मैदानाचा किंवा बालेवाडीच्या क्रीडासंकुलाचा ट्रॅक मिळाला तर उत्तम. फक्त सदैव एकाच दिशेने वळत राहिल्याने आतल्या पायावर वेगळा भार येतो, म्हणून बाहेरच्या लेनमध्ये धावावे आणि गर्दी नसेल तेव्हा दिशा बदलावी. रस्त्यावर धावताना कडेचा उतार टाळावा. नवे काँक्रीटचे रस्ते या दोन महिन्यांत शक्यतो नकोत.

याच काळात पाऊल थोडे आखूड करून घ्यावे. मिनिटाला १६४ पावले पडत असतील, तर मोबाइलच्या मेट्रोनोमवर १७२ लावून त्या तालावर धावल्यास प्रत्येक पावलाचा दणका कमी होतो. सोबत आठवड्यातून तीनदा पोटरीचा व्यायाम करावा: जिन्याच्या पायरीवर एका पायाने टाच उचलणे, निम्म्या फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि निम्म्या वाकवून, कारण गुडघा वाकवल्यावर जो खोलवरचा स्नायू कामाला लागतो, तो धावताना शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण पेलतो. तो थकला की भार हाडावर जातो. दुखऱ्या पायाने सलग २५ वेळा टाच उचलता येईपर्यंत वेगाचा विचारही करू नये.

भेग का पडली, याचे उत्तर अनेकदा ताटात असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ज्याला खेळातील सापेक्ष ऊर्जाकमतरता म्हटले, ती स्त्री-पुरुष दोघांत आढळते: सरावाच्या मानाने खाणे कमी पडले की शरीर हाडांच्या बांधणीत काटकसर करते. मासिक पाळी अनियमित झाली किंवा थांबली असेल, तर ते सरावाचे यश समजू नये. लगेच वैद्यकीय सल्ला घ्यावा. श्रावणातले सोमवार, चतुर्थी आणि एकादशी पाळून दुसऱ्या दिवशी पहाटे उपाशीपोटी लांब धावणे ही आपल्याकडची खास चूक आहे. उपवास करायचाच असेल तर धावण्याची सुट्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यावी. ड जीवनसत्त्व रक्ततपासणीत पाहून घ्यावे. नाचणीची भाकरी, दूध आणि दही यांनी कॅल्शियमची बाजू बरीचशी भरून निघते.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात दिवसाआड ४० मिनिटे विनातक्रार धावता येऊ लागले की सराव सुरू झाला असे समजावे. वाढ करताना क्रम पाळावा: आधी आठवड्यातले दिवस, मग लाँग रनची लांबी, सर्वांत शेवटी वेग. दर चौथ्या आठवड्याला एकूण अंतर तिसऱ्या हिश्श्याने कमी करावे, कारण हाड भरते ते विश्रांतीत. वेगाची सुरुवात सपाटीवर न करता चढावर करावी. वेताळ टेकडीवर चढणाऱ्या एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) रस्त्यावर २० सेकंदांचे चार-सहा धावे वर घेऊन खाली चालत यावे; चढावर पावलाचा दणका कमी असतो आणि पोटरीला कामही मिळते. टेम्पो, म्हणजे जोरात पण बराच वेळ टिकवता येईल अशा गतीची धाव, ऑक्टोबरच्या अखेरीपासून आणि ट्रॅकवरचे इंटरव्हल यंदा जवळजवळ नकोतच.

लक्ष्यवेळ डिसेंबरपर्यंत ठरवू नये. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत २८ ते ३० किलोमीटरची निदान एक धाव झाली असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत ‘नाही’ लिहिले गेले असेल, तर मागच्या वेळेपेक्षा दहा-पंधरा मिनिटे सैल वेळ धरून उभे राहायला हरकत नाही. ती झाली नसेल, तर आदल्या दिवशी ग्रुपबरोबर मुंबईला जावे आणि रविवारी परतीच्या पेडर रोडच्या चढावर मीठ लावलेली संत्री घेऊन थांबावे. तिथे त्यांची गरज सगळ्यांनाच पडते.