सॉर्टेक्ससमोर आधी मामांना बसवा

लातूरच्या डाळमिलमध्ये मी बारा वर्षं पाळी सांभाळतो. तुमच्या मिलमध्ये एआयवालं कॅमेऱ्याचं सॉर्टेक्स, म्हणजे डाळ निवडणारं मशीन, येणार असेल, तर डाळ पारखणाऱ्या जुन्या माणसाचा, आमच्या मामांसारख्याचा, हिशेब करून त्याला आधीच घरी पाठवू नका. आमच्याकडे तीच चूक होता होता राहिली.

मशीन रंग बघतं आणि डागी दाणा हवेच्या झोताने उडवतं. पण कोणता डाग चालतो, हे त्याला कुणीतरी दाखवावंच लागतं. म्हणून सेटिंगच्या दिवशी जुन्या मामांना शेजारी खुर्ची द्या. खुर्चीच द्या, उभं ठेवू नका. चार ताटं मांडा: चांगली डाळ, टरफल चिकटलेली, किडकी, पावसात भिजलेली. निवड मामांनीच करायची. ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटलं की ते गप्प बसतात. हातात दाणे दिले की बोलतात. ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांच्याच शब्दांत.

पुढे रोज पाळी संपताना बाद ढिगातली मूठभर डाळ त्यांच्यापुढे ठेवा. एकदा मामांनी ती चोळून पाहिली आणि म्हणाले, ‘डाळ चांगली हाय, काच पुसा.’ कॅमेऱ्यापुढच्या काचेवर चुनीची, म्हणजे डाळीच्या टरफल-चुऱ्याची, धूळ बसली होती! चांगला माल चुनीच्या भावात गेला असता.

मशीन थांबवायचा अधिकार त्यांना लेखी द्या. शिकवण्याचे पैसे पगाराशिवाय वेगळे द्या. डोळे अधू झाले असतील, तर चष्म्याचा खर्च मिलने करावा. मी मालकांकडे तो मागून घेतला.