सोलापुरात नवीन आलात? शेंदाडं खा, पण आधी जीभ लावा

कोकणातून बदली होऊन इथं आलेल्यांसाठी लिहितोय. मला सोलापुरात १८ वर्षं झाली, पहिली दोन तर ताजे मासे नाहीत म्हणून कुरकुरण्यातच गेली. मग शेजारच्या आजींनी शेंदाडं खायला घातली आणि सूर लागला.

पाऊस सरताना तुरी-उडदाच्या रानात, बांधावर शेंदाडाचे वेल आपोआप येतात. फळ अंड्याएवढं, हिरव्या पट्ट्यांचं, पिकलं की पिवळं, चव आंबूस. पान काकडीसारखं खरखरीत. घोळ असा, की याच खानदानातलं कडू इंद्रावणही माळावर असतं. त्याचं फळ गोल, कडक, लहान कलिंगडासारखं दिसतं आणि पानंही कलिंगडासारखीच खोल कातरलेली. ते पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, कधी रक्तसुद्धा पडतं. औषधी आहे म्हणून घरी प्रयोग करू नका!

आता खरी गोष्ट. ओळखीच्या वेलाचं शेंदाडसुद्धा कडू निघू शकतं, म्हणून प्रत्येक फळाची बारीक चकती काढून नुसती जीभ लावायची आणि कडू लागलं की थुंकून फळ फेकायचं. काकडीचं टोक कापून चोळतो ना आपण, ते इथं चालत नाही, शिजवून किंवा मीठ लावूनही या कडूपणातलं विष जात नाही. दुधी भोपळ्याबद्दल आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञांनी हेच सांगितलंय, कडू लागला तर खाऊ नका, यावर उतारा औषध नाही. मी एकदा आळस करून दोनच चाखली आणि बाकी तशीच कालवणात टाकली, पहिल्या घासालाच तोंड कडूजहर, पातेलंभर कालवण ओतून दिलं. मसाल्यात कडूपणा लपेल या भरवशावर तर अजिबात राहू नका. खाल्ल्यावर उलट्या सुरू झाल्या तर उरलेलं फळ घेऊन थेट दवाखाना.

साठवायचं तर चाखलेल्यांच्याच पातळ चकत्या करा, मीठ लावून सुती कापडावर गच्चीत टाका, रात्री आत घ्या. ऑक्टोबरच्या उन्हात लवकर वाळतात. वाकली तर अजून ऊन द्या, कट्ट करून मोडली की झालं. पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा, नाहीतर आतून घाम धरतो, आणि बुरशी दिसली तर वरवर पुसू नका, सगळंच टाका. तळून कडक भाकरीबरोबर भारी लागतात.

आणि हो, रानातून आणताना शेतकऱ्याला फवारणी कधी झाली ते विचारा. आजी अजूनही पिशवी बघितली की आधी तेच विचारतात, "औषद मारल्यालं न्हाई न्हवं?"