श्रावणातल्या वेलभाज्या आणि फळमाशी

गोराई, आरे, वसई पट्ट्यात मांडवावर काकडी, दोडका, कारलं धरू लागलं की फळमाशी आलीच. तिच्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा लावा, एकरी दोन. गच्चीवरच्या बागेला एक पुरे.

आंब्याच्या हंगामातला उरलेला ल्यूर (सापळ्यात ठेवायचं, माशीला ओढणारं वासाचं आमिष) मात्र वेलांजवळ टांगू नका. आंब्यावरच्या माशीचे नर मिथिल युजेनॉल या ल्यूरला येतात, वेलभाज्यांवरच्या माशीचे क्यू ल्यूरला. चुकीच्या ल्यूरनेही सापळा भरतो, म्हणून फसायला होतं: अडकलेल्या माश्या शेजारच्या पेरूवरच्या, म्हणजे आंब्यावरच्याच जातीच्या असतात आणि काकडी किडतच राहते. सापळा मांडवाखाली सावलीत, तीन-चार फुटांवर टांगा. आपल्याकडचा पाऊस आडवा मारतो. आत पाणी साचलं तर ते काढून ल्यूर बदला.

सापळ्यात फक्त नर सापडतात. आधीच मिलन झालेली मादी मोकळी फिरते आणि कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. त्यामुळे खरी मेहनत डंखलेली फळं वेचण्याची आहे, आणि नेमकी तीच टाळली जाते. डंखाच्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, पुढे फळ तिथून वाकडं होतं, पिवळं पडतं. (थेंब नसेल आणि फळ नुसतंच वाकडं असेल तर परागीभवन अपुरं झालेलं असू शकतं.) अशी फळं दर दोन-तीन दिवसांनी काढा. बांधावर किंवा खताच्या ढिगावर टाकलीत तर अळ्या मातीत उतरून कोषात जातात आणि आठवडा-दीड आठवड्यात नव्या माश्या उडतात. दोन फूट खोल पुरा. गच्चीवर खड्डा कुठला? जाड प्लास्टिक पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून दोन आठवडे ठेवा.

मोजकेच वेल असतील तर फळांना मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या घाला. कागदी पिशवी पावसात लगदा होते. फळ धरून फुलाच्या पाकळ्या सुकल्या की लगेच पिशवी चढवा: त्याआधी घातली तर मधमाशी पोहोचत नाही, उशीर केला तर डंख आधीच बसलेला असतो.

फुलोऱ्यात सकाळी रासायनिक फवारणी नको. मधमाश्या मरतात, आणि फळात शिरलेल्या अळीपर्यंत वरून मारलेलं औषध बहुधा पोहोचतही नाही.