ब्रिगादेरो वळत नाही, पुदीमला जाळी पडते? या चुका टाळा

ब्राझीलमध्ये घरोघरी होणाऱ्या गोड पदार्थांना फार सामान लागत नाही. कंडेन्स्ड मिल्क, अंडी, नारळ, साखर, लोणी, एवढ्यावर बरंच काही होतं. त्यामुळे पदार्थ फसला की सामानाला दोष देण्याआधी आच किती होती आणि घाई कुठे झाली ते बघा.

सगळ्यात जास्त फसतं ते ब्रिगादेरो. १९४५ साली अध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे ब्रिगेडियर एदुआर्दो गोमिस यांच्या हुद्द्यावरून या चॉकलेटी गोळ्यांना नाव मिळालं, आणि आज तिथे मुलांचा वाढदिवस यांच्याशिवाय होत नाही. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, दोन-तीन मोठे चमचे बिनसाखरेचा कोको, एक मोठा चमचा लोणी. कोको चाळून, गॅस पेटवण्याआधीच गार दुधात मिसळा, नाहीतर गुठळ्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. ड्रिंकिंग चॉकलेट वापरू नका. त्यात साखर असतेच, आणि गोडाचा अतिरेक होतो.

खरी चूक होते उतरवताना. बुडबुडे आले, जरा दाट दिसलं की गॅस बंद केला जातो. असं सैल ब्रिगादेरो वाटीत घेऊन चमच्यानं खातात, पण ते वळत नाही. जाड बुडाच्या भांड्यात, मंद आचेवर, हात न थांबवता दहा-पंधरा मिनिटं ढवळा. भांडं तिरकं केल्यावर सगळा गोळा तळ सोडून एकत्र घसरला पाहिजे. नारळाच्या वड्या करणाऱ्यांना ही खूण ओळखीची वाटेल. सैल राहिलं तर पुन्हा गॅसवर चढवा; फार आटून चिवट झालं तर थोडं दूध घालून मंद आचेवर सैल करा. कडेला वाळलेली खरवड मात्र आत मिसळू नका, ती दाताखाली येते. गोळे पूर्ण गार झाल्यावर, हाताला लोणी लावूनच वळा.

पुदीम म्हणजे कॅरामल घातलेलं दूध-अंड्याचं पुडिंग. त्यात जाळी असावी की नसावी यावर ब्राझीलमध्ये दोन तट आहेत. मला गुळगुळीतच आवडतं. तसं हवं असेल तर मिक्सर टाळा, हलक्या हातानं ढवळा, गाळा आणि फेस बसू द्या. साचा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, पण ते पाणी उकळता कामा नये. साखर जाळताना गडद तांबूस रंगावर थांबा. काळपट झाली की कडूच लागते. आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय उलटू नका. कॅरामल चिकटलंच तर साच्याचा तळ काही सेकंद आचेवर धरा.

किंदीम नारळ आणि बलकांचं. पोर्तुगिजांच्या बलकप्रधान मिठाईची ही परंपरा गोव्याच्या बेबिंकामध्येही दिसते. किंदीमला अंड्याचा वास येतो अशी तक्रार असते. त्यावर इसेन्स ओतण्यापेक्षा बलक गाळणीत ठेवून आपोआप गळू द्या. चमच्यानं दाबलं की बलकावरचा पापुद्राही खाली जातो. साच्याला लोणी आणि साखर नीट लावा, मिश्रण भरल्यावर थोडा वेळ तसंच ठेवा. नारळ वर तरंगतो, बलक खाली बसतो, आणि उलटल्यावर तीच पिवळीधमक काचेसारखी बाजू वर येते. हे मात्र पुदीमसारखं फ्रिजमधून काढून उलटू नका, कोमट असतानाच काढा. थंड झालं की लोणी थिजतं आणि साचा सोडत नाही.