लिटरेचर रिव्ह्यू: टायटलवर एक, आत भलतंच! या चुका टाळा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी टायटलमध्ये ठोकून दिलं होतं 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू', आणि केलं काय होतं तर गूगल स्कॉलरची पहिली पाच पानं वाचली होती. गाईडनी एकच विचारलं, सर्च कुठल्या तारखेला केला? मी गप्प.

तर पहिली चूक हीच, भारदस्त वाटतं म्हणून नाव लावायचं. सिस्टिमॅटिक म्हणजे प्रश्न नेमका, कुठले पेपर घ्यायचे कुठले नाही हे आधीच ठरलेलं आणि शक्यतो दोघांनी वेगवेगळं बसून केलेलं स्क्रीनिंग. 'अंगणवाडीत अंडं दिल्याने मुलांचं वजन वाढतं का' हा सिस्टिमॅटिकचा प्रश्न. 'अंगणवाडीतल्या पोषणावर आजवर काय काय काम झालंय' हा स्कोपिंगचा, म्हणजे आधी शेत किती मोठंय ते बघायचं. स्कोपिंगची चौकट आर्क्सी आणि ओमॅली यांनी २००५ मध्ये मांडली, आणि हो, प्रॉस्पेरोवर, म्हणजे रिव्ह्यूचा आराखडा आधीच नोंदवायच्या वेबसाइटवर, स्कोपिंग रिव्ह्यू रजिस्टर होत नाही, तिथे फॉर्म भरत बसू नका.

मेटा-अॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक उत्तर काढणं, हा आकडेमोडीचा भाग आहे, प्रत्येक सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत तो लागतोच असं नाही. एका अभ्यासात वजन मोजलंय, दुसऱ्यात दंडघेर, तिसऱ्यात आईला विचारलंय मूल नीट जेवतं का, तर यांची सरासरी काढून काय मिळणार, खिचडीच. तेव्हा सरळ शब्दांत मांडा.

'आम्ही प्रिझ्मा पद्धत वापरली' असं लिहिणारे तर ढिगाने सापडतात. अहो प्रिझ्मा ही पद्धत नाहीच! काय केलं ते कसं रिपोर्ट करायचं याची ती २७ मुद्द्यांची यादी आहे, सध्याची आवृत्ती २०२० ची, स्कोपिंगसाठी वेगळी यादी आहे २०१८ ची.

नॅरेटिव्ह रिव्ह्यूला, म्हणजे असे काटेकोर नियम न लावता विषयावरचं काम आपल्या शब्दांत मांडण्याला, कमी लेखू नका, थिसिसच्या दुसऱ्या चॅप्टरला बहुतेक वेळा तोच लागतो. फक्त 'अमुक यांनी २०१४ मध्ये अभ्यास केला, तमुक यांनी २०१६ मध्ये' अशी हजेरी घेऊ नका. मुद्द्यांप्रमाणे गट पाडा, कुणाचं कुणाशी पटत नाही ते सांगा.

आता समजा घोळ ऑलरेडी झालाय, सबमिशन जवळ आलंय. प्रश्न परत वाचा, खरंच जे केलं त्याला शोभेल ते नाव द्या, टायटल बदलायला लाजू नका, व्हायवात फजिती होण्यापेक्षा परवडतं. सर्च नव्याने करावा लागला तर एकट्या गूगल स्कॉलरवर राहू नका, तो एका सर्चला हजाराच्या पुढे रिझल्ट दाखवतच नाही. पबमेड, स्कोपस हे पेपरांचे डेटाबेस बघा, आपल्याकडच्या थिसिससाठी शोधगंगा आहेच. झोटेरोत (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) डुप्लिकेट काढायच्या आधीचा आकडा टिपून ठेवा, किती पेपर सापडले नि किती गाळले हे दाखवणाऱ्या प्रिझ्माच्या फ्लोचार्टला तोच लागतो आणि नंतर काही केल्या आठवत नाही. आणि सर्च स्ट्रिंग, म्हणजे शोधताना टाकलेले नेमके शब्द, जशीच्या तशी, तारखेसकट, त्याच दिवशी एक्सेलमध्ये टाका, माझी जिथे गोची झाली ती तारीख पहिल्या कॉलममध्ये.